गोव्याच्या जिल्हा जनगणना पुस्तिका (2011): शहरीकरण अभ्यासणाऱ्यांना किती उपयोगी?

गोव्याच्या अर्थव्यवस्थेतल्या स्थित्यंतरावर प्रबंध लिहायचा तर उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या या दोन पुस्तिकांना पर्याय नाही. जनगणनेच्या संकेतस्थळावर त्या मोफत मिळतात. भाग ‘अ’ मध्ये गावांच्या आणि शहरांच्या सोयीसुविधा, भाग ‘ब’ मध्ये लोकसंख्या आणि कामगारांचा गोषवारा. पीडीएफमधून आकडे उतरवत बसू नका, हाच गोषवारा एक्सेलमध्ये वेगळा मिळतो.

नागरी लोकसंख्येचा वाटा 2001 मध्ये 49.76 टक्के होता, 2011 मध्ये 62.17 झाला. पालिका दोन्ही वेळा 14च. वाढली ती जनगणना शहरं, म्हणजे पालिका नसूनही जनगणनेने शहर मानलेली गावं, 30 वरून 56. ताळगावसारखी ही गावं कागदोपत्री आजही ग्रामपंचायतीच.

जनगणना शहराचे निकष तीन: 5,000 लोकवस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि मुख्य कामगार (वर्षातले निदान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर. तिसरा निकष पडताळायला एकूण मुख्य कामगार पुरुषांतून शेतकरी आणि शेतमजूर पुरुष वजा करा आणि उरलेल्यांची टक्केवारी काढा. काही शहरं निकषात बसणार नाहीत. चूक तुमची नव्हे: 2011 ची यादी 2001 च्या आकड्यांवरून, 4,000 लोकवस्ती धरून, आधीच ठरली होती.

खरी गोम पुढे आहे. जनगणनेच्या व्याख्येत नारळ आणि सुपारी ही शेती नव्हे, ती लागवड. त्यामुळे कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, राबणारा माणूस ‘इतर कामगार’ या रकान्यात जातो, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकारही तिथेच, आणि पणजीतला बँक कर्मचारीही. फोंडा किंवा काणकोणच्या बागायती गावात शेतीबाहेरचा आकडा फुगलेला दिसला तर लगेच ‘सेवाक्षेत्राकडे वाटचाल’ असं लिहून मोकळे होऊ नका. लागवड, पशुपालन आणि मासेमारी यांचा स्वतंत्र रकाना जनगणनेच्या ब-4 या कामगारविषयक तक्त्यात आहे, पण तो जिल्हा पातळीवर. गावनिहाय फोड पुस्तिकेत नाही, ही तिची सर्वांत मोठी उणीव. ती प्रत्यक्ष पाहणीनेच भरून काढावी लागते.

फोंडा तालुका 2015 मध्ये दक्षिणेत गेला, पण इथे तो उत्तरेच्या पुस्तिकेत शोधावा. 1961 च्या रकान्यातले गोव्याचे आकडे पोर्तुगीज राजवटीतल्या 1960 च्या शिरगणतीचे आहेत, तेव्हा दशकवाढ काढताना वर्षं नीट मोजा. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून 2012 च्या खाणबंदीनंतरचं काहीही यात सापडणार नाही. तेवढ्यासाठी राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल जोडीला घ्या.