निळा टोपाझ की मिस्टिक टोपाझ?

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, चांदीच्या अंगठीसाठी खडा बघायला गेलात, तर हे दोन्ही हमखास समोर येतात. मूळ दगड एकच, बिनरंगी टोपाझ. रंग चढवायची रीत मात्र अगदी वेगळी.

निळ्यात आधी किरणोत्सर्गाचा मारा करतात, मग खडा तापवतात. रंग आरपार बसतो आणि टिकतो. फिकट स्काय, भडक स्विस, गडद लंडन अशा छटा मिळतात. किरणोत्सर्गाचं नाव ऐकून दचकू नका. खडे सुरक्षित पातळीवर आल्यावरच विक्रीला सोडायचे असतात.

मिस्टिकवर टायटॅनियमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर असतो, तोही बहुधा खड्याच्या खालच्या बाजूला. हलवला की हिरवा, जांभळा, गुलाबी असे रंग खेळतात. देखणा आहे, यात वादच नाही! पण १ ते १० च्या मोह्‌ज मापावरची टोपाझची ८ ही कठीणता दगडाची, थराची नव्हे. थर ओरखड्यांनी जातो. मागून उघड्या कोंदणातला खडा उलटा धरून भिंगातून पाहा. कडांवर थर उडाला असेल तर तिथे पांढरट रेघ दिसते. मिस्टिक खडा पॉलिशला देऊ नका, सफाईच्या अल्ट्रासॉनिक मशिनमध्येही घालू देऊ नका. कोमट साबणपाणी आणि मऊ फडकं पुरे.

रोजच्या अंगठीला मी निळाच घेईन. कानातल्यांना किंवा हुपरीच्या चांदीतल्या पेंडंटला मिस्टिक खुशाल घ्या, तिथे घासणं कमी. जोराचा ठोका मात्र दोघांनाही चालत नाही, टोपाझ एका दिशेने सरळ चिरतो. आणि बिलावर प्रक्रिया लिहून मागाच.