एकाच पेशीप्रकारातील प्रथिने: प्रोटोप्लास्ट, लेझर की टर्बोआयडी?

अख्खे पान वाटून त्यातील प्रथिने तपासली, तर प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को या प्रथिनाचेच प्राबल्य दिसते आणि पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींसारख्या संख्येने थोड्या पेशींमधील प्रथिने त्याखाली दडून जातात. डीएनएच्या प्रती पीसीआरने वाढवता येतात. प्रथिनांच्या बाबतीत तशी सोय नाही. त्यामुळे नमुना कसा वेगळा काढायचा, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

सर्वांत रुळलेला मार्ग प्रोटोप्लास्टचा, म्हणजे भित्तिका काढलेल्या पेशींचा आहे. सेल्युलेज, पेक्टिनेज यांसारख्या विकरांनी पेशीभित्तिका विरघळवली जाते आणि ठरावीक पेशींतच जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन असलेले वाण उपलब्ध असेल, तर त्या चमकेवरून पेशी यंत्राने वेगळ्या निवडता येतात. पेशी भरपूर मिळतात; मात्र या खटाटोपात त्यांच्यावर ताण येतो, त्यांची प्रथिने बदलू लागतात आणि भित्तिकेतील प्रथिने तर हातची जातात. ज्यांचा प्रश्नच जखमेला किंवा रोगाला मिळणाऱ्या प्रतिसादाविषयी आहे, त्यांनी हा मार्ग टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोठवलेल्या ऊतीच्या पातळ छेदांतून लेझरने हव्या तेवढ्याच पेशी कापून घेता येतात. जनुकीय बदल करणे अवघड असलेल्या पिकांसाठी हा मोठा आधार आहे, पण हाती येणारे द्रव्य अत्यल्प असते.

जवळच्या प्रथिनांना बायोटिन हे जीवनसत्त्व जोडणारे टर्बोआयडी हे विकर 2018 मध्ये पुढे आले आणि 2019 मध्ये अराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपाच्या कोवळ्या रक्षक पेशींत त्याचा उपयोग दाखवला गेला. यात पेशी वेगळी काढावीच लागत नाही: पेशीप्रकारानुरूप प्रमोटरखाली (जनुक कोणत्या पेशीत चालू व्हावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाखाली) हे विकर व्यक्त करायचे, रोपाला बायोटिन द्यायचे आणि विकराच्या निकट असलेल्या, बायोटिन चिकटलेल्या प्रथिनांना बायोटिन घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांवर पकडायचे. केंद्रकासारख्या एखाद्याच कप्प्यातील प्रथिने हवी असल्यास मी हाच मार्ग सुचवेन. मात्र जास्तीचे मुक्त बायोटिन आधी काढून टाकले नाही, तर तेच मण्यांवरील जागा अडवते. शिवाय काही प्रथिनांवर बायोटिन मुळातच असते, म्हणून टर्बोआयडी नसलेली रोपेही सोबत तपासावी लागतात.

परागकण किंवा मूलरोम अभ्यासायचे असतील, तर यांपैकी कशाचीच गरज नाही. परागकण मुळातच सुटे असतात आणि द्रव नायट्रोजनमध्ये मुळे ढवळली की ठिसूळ झालेले मूलरोम तुटून वेगळे होतात. मग ते गाळून घेता येतात.