ऑटोमॅटिक वेदर स्टेशनचे आठ महिने: यंत्र पास, जाळी नापास

जूनमध्ये आमच्या फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीशेजारी ऑटोमॅटिक वेदर स्टेशन उभं राहिलं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत रोज सकाळी सहा ते दहा, दर तासाला किती लांबचं दिसतंय याचे वहीत दोन आकडे लिहिले: एक यंत्राचा, एक माझ्या डोळ्यांचा. डोळ्यांच्या खुणा ठरलेल्या. पाण्याची टाकी १२०० मीटरवर, साखर कारखान्याचं धुराडं ४ किलोमीटरवर.

हवेच्या दाबाबद्दल तक्रार नाही. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, एका हेक्टोपास्कलनं (दाबाचं एकक) चुकला की अल्टिमीटर, म्हणजे विमानातलं उंची दाखवणारं यंत्र, तीसेक फुटांनी खोटं बोलतो, म्हणून याच आकड्यावर माझा डोळा जास्त होता. आमच्या तपासलेल्या बॅरोमीटरशी तो शेवटपर्यंत जुळला.

वाऱ्याचा अल्ट्रासॉनिक सेन्सर १० मीटर खांबावर. फिरणारा भागच नाही, त्यामुळे झिजण्याची भानगड नाही. कावळा बसला की मात्र आकडे गायब. शिकाऊ मुलं म्हणायची, "सर, मशीन आठ नॉट म्हणतंय, विंडसॉक तर आडवा झालाय!" पडद्यावर दोन मिनिटांची सरासरी असते आणि विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी पिशवी, आत्ताचा झोत दाखवतो, हे समजवण्यात माझा पावसाळा गेला.

खरा घोळ व्हिजिबिलिटीचा, म्हणजे किती लांबचं दिसतं त्याचा. नोव्हेंबरातल्या एका सकाळी यंत्र म्हणे ९०० मीटर, आणि मला धुराड्यावरचा पांढरा पट्टासुद्धा स्वच्छ दिसत होता. सोलो उड्डाणं थांबलेली, मुलं चहावर चहा पितायत. जाऊन पाहिलं तर सेन्सरच्या दोन डोक्यांच्या (एक प्रकाश सोडतं, दुसरं टिपतं) मधोमध कोळ्याचा एक धागा, त्यावर दवाचे थेंब. हा सेन्सर समोरची टाकी बघतच नाही. मधल्या थोड्याशा हवेतून किती प्रकाश विखुरतो तेवढंच मोजतो. धाग्यावरून विखुरलेला प्रकाश त्याला धुकंच वाटतो.

याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची धूळ काचेवर बसली की विखुरलेला प्रकाश आत कमी पोचतो, आणि यंत्र हवा आहे त्याहून स्वच्छ सांगतं. जानेवारीत टाकी जेमतेम दिसत असताना पडद्यावर २५०० मीटर! काच मळल्याचा इशारा आहे म्हणे, पण मेन्यूत तीन पायऱ्या आत. विक्रेत्याचा माणूस एकोणीस दिवसांनी आला, फडक्यानं काच पुसली आणि सही घेऊन गेला.

ढगांची उंची मोजणारा सीलोमीटर ठीक. पण तो फक्त डोक्यावरचा ढग बघतो. पश्चिमेच्या डोंगरावरून काळं येतंय, हे त्याच्या आधी आमच्या वॉचमनमामांनी सांगितलं, तेही दोनदा.

घेणार असाल तर काच कोण आणि किती दिवसांनी पुसणार, हे करारात लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं. आता रोज पावणेसहाला मामाच मऊ ब्रश घेऊन जातात. काल विचारलं तर म्हणाले, "पुन्हा विणलंय की वं, सर."