नाशिकची वाइन टेस्टिंग : जीभ आपली, निकाल कोणाचा?

गंगापूर धरणाकडे, गोवर्धन-सावरगावच्या बाजूला पाहुण्यांना घेऊन जायचं म्हटलं की वाइन टेस्टिंग ठरलेलीच. हे परीक्षण कुणा एका वायनरीचं नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे क्रम तोच असतो. आधी स्टीलच्या टाक्या, मग बॅरल रूम, नंतर काउंटरवर पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिली, आणि बाहेर पडताना बाटल्यांचं दुकान. सहल म्हणून पैसे वसूल होतात. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या हंगामात गेलात तर द्राक्षं येताना, चिरडली जाताना दिसतात. हे पाहण्यासारखं आहे.

पण या पाच-सहा घोटांच्या भरवशावर घरी न्यायची बाटली निवडायची असेल, तर ही व्यवस्था कच्ची आहे. वाइन वाईट असते असं नाही. माणूस निर्णय घेताना कुठे घसरतो याचा मानसशास्त्रज्ञांनी पन्नासेक वर्षं जो अभ्यास केला, त्यातल्या बऱ्याच घसरगुंड्या या एका काउंटरवर एकत्र मांडलेल्या असतात.

सगळ्यात मोठी अडचण किमतीची. कार्डावर नावासमोर रुपये छापलेले असतात, शिवाय गाइड बहुधा महागड्या ‘रिझर्व्ह’ म्हणजे खास राखलेल्या वाइनचं कौतुक आधी करतो. २,००० चा आकडा कानावर पडला की ९०० ची बाटली स्वस्त वाटते. आधी ५०० ऐकलं असतं तर तीच महाग वाटली असती. अ‍ॅमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखात हे आकडे लिहिलेलं चाक फिरवून दाखवलं होतं. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती, असा प्रश्न होता. चाक १० वर थांबलेल्या गटाचा मधला अंदाज २५ टक्के आला, ६५ वर थांबलेल्यांचा ४५. चाकाचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नाही हे समोर दिसत असूनही.

किंमत फक्त हिशेब बिघडवत नाही, चवही बदलते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूचं स्कॅन चालू असताना लोकांना कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइन पाजली गेली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० ची म्हणून. ९० ऐकल्यावर ती जास्त आवडली, आणि सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे लोक शिष्टपणा करत नव्हते, त्यांना खरोखरच छान लागत होती. किमती न सांगता चव घेतली तेव्हा तो फरक उरला नाही.

दुसरी गोष्ट गाइडच्या बोलण्याची. ‘सोव्हिन्यों ब्लांकमध्ये पेरू येतोय ना?’ असं या व्हाइट वाइनबद्दल विचारलं की पेरू येतोच. खरं तर त्या द्राक्षात पेरूची, ढोबळ्या मिरचीची छटा असते. पण ती आपल्याला सापडली की सुचवली गेली, हे नंतर कळायला मार्ग नाही. डोळेही असाच दगा देतात. फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना वास-चव नसलेला लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. हा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाटलीवरच्या पदकाच्या स्टिकरवरही फार जाऊ नये. कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा, न सांगता दिली गेली. स्वतःचेच गुण एकाच पदकाच्या पट्ट्यात राखणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. आपला दिंडोरीचा बागायतदार तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटर काढून ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतो, नुसता मणी चाखून भागवत नाही. तेवढी शिस्त काउंटरवर पाळायला हरकत नाही.

ती अशी पाळता येते. कार्ड उलटं ठेवा आणि ‘किंमत, वास शेवटी सांगा’ असं गाइडला आधीच म्हणा. प्रत्येक घोटानंतर, कुणाशी बोलायच्या आत, दहापैकी गुण मोबाइलमध्ये टाका. गटातला एखादा जाणकार बोलला की बाकीच्यांचे गुण त्याच्याकडे सरकतात. ड्राय आधी, गोड शेवटी हा क्रम मोडू नका, कारण साखर आणि टॅनिनचा तुरटपणा जिभेवर रेंगाळतात. मात्र आवडलेल्या दोन वाइन शेवटी पुन्हा मागा आणि उलट क्रमाने प्या. पहिल्या पेल्याला उगाच झुकतं माप मिळतं. एकच वाइन वेगवेगळ्या ग्लासांत देऊन केलेल्या प्रयोगातही हे दिसलं आहे. आणि हो, मिसळ नंतर. तिखटाने जीभ भाजलेली असताना शिराझ आणि झिनफांडेल या दोन रेड वाइनमधला फरक ओळखू येणं कठीणच.

खात्री करायची तर घरी त्रिकोणी चाचणी घ्या. तीन ग्लास, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. प्रत्येकी १५ मिली पुरे, तेही थुंकायचं, कारण सहा फेऱ्यांत माणशी २७० मिली होतात. नुसत्या अंदाजाने दर वेळी तीनात एक शक्यता असते, म्हणून सहापैकी किमान पाच बरोबर आल्या तरच फरक कळतो म्हणावं. नशिबाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. ही चाचणी बहुतेक वेळा फसते ती तापमानामुळे: एक बाटली फ्रिजच्या दारातली, दुसरी आतली, आणि ओळखला जातो तो थंडावा. दोन्ही दोन तास शेजारी ठेवा. ओतणारा खोलीबाहेर थांबावा, कारण त्याचा चेहरा बोलतो. एक रेड आणि एक व्हाइट अशी तुलना करणार असाल तर रंग लपवणाऱ्या काळ्या ग्लासांऐवजी डोळ्यांवर ओढणी चालते.

शेवटचा घोट बहुधा गोड डेझर्ट वाइनचा, आणि समोर मावळतीचं धरण. इथेच सगळ्यात जास्त खरेदी चुकते. कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंशांच्या पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी त्याच मिनिटाला अर्धं मिनिट जोडलं आणि त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. पुन्हा कोणतं करणार, यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण शेवट बरा होता. तेव्हा दुकानात शिरण्याआधी मोबाइलमधले गुण उघडा, आणि यादीत नसलेली बाटली घेऊ नका.

अनुभवाला पाचपैकी चार, निवडीच्या सोयीला दोन. किंमत नसलेलं कार्ड मिळालं तर तीन देता येतील. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत गाइडकडे दोन वाइन पुन्हा ओतायला वेळ नसतो.