ड्रायव्हिंग रेंजचं तयार पॅकेज: बे झकास, मैदान कच्चं

मॅट, जाळी, चेंडू, दिवे, चेंडू देणारं मशीन आणि वर पत्र्याची शेड, असं सगळं एकाच निविदेत बसवून देणारी ड्रायव्हिंग रेंजची (गोल्फचे फटके मारायच्या सरावाच्या मैदानाची) तयार पॅकेजेस बाजारात मिळतात. पुण्यात सार्वजनिक रेंजचा विषय कधी सभागृहात आलाच, तर बहुधा असंच पॅकेज टेबलावर येईल आणि चर्चा 'गोल्फ श्रीमंतांचा' आणि 'पार्किंगचं काय' इथे अडकेल. आमचा आक्षेप निराळा आहे. पॅकेजमधला बराचसा पैसा मारणाऱ्याच्या पायाखाली आणि डोक्यावर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या कप्प्यावर ('बे'वर), खर्च होतो. चेंडू पडतो त्या जमिनीच्या नावावर 'सपाटीकरण व हिरवळ' एवढी एकच ओळ असते, आणि पुण्यात रेंज बंद पडेल ती त्या ओळीमुळे.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जून ते सप्टेंबर चेंडू चिखलात रुततो. गोळा करणारी चकत्यांची गाडी त्यावरून नुसती फिरते, नाहीतर स्वतःच रुतते. मे महिन्यात तोच चेंडू भेगेत गडप होतो. नुसता रोलर फिरवून यातलं काही सुटत नाही. वरची काळी माती काढायची, मुरूम दाबून भरायचा, त्यात खडीच्या चरांमध्ये छिद्रांचे पाइप टाकायचे, वर वाळूमिश्रित माती आणि हरळी. परदेशी गवताचे नखरे नकोत, हरळी तुडवणं आणि ऊन दोन्ही सोसते. जमीन बेपासून लांब जाताना शंभराला दोन इतकी चढती ठेवली तर चेंडू कुठे पडला ते दिसतं. अर्थात मग पावसाचं पाणी बेकडेच येणार, म्हणून बेसमोर आडवं गटार आणि गाळ बसायला टाकी हवीच. गटाराची जाळी चेंडूपेक्षा बारीक असावी, हे सांगावं लागतं!

नदीकाठचे भूखंड रिकामे दिसतात म्हणून तिथे रेंज सुचवायचा मोह होतो. पण निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराचं पाणी पोचतं त्या आखलेल्या हद्दीच्या) आत जाळी म्हणजे खडकवासल्यातून विसर्ग वाढला की अडकलेल्या जलपर्णीची आणि कचऱ्याची भिंत. खांब वाकतात आणि पाणी शेजारच्या सोसायटीत शिरतं.

जाळीच्या उंचीवर तर सरसकट १५ मीटर लिहून मोकळे होतात. ही उंची भूखंडाच्या लांबीशिवाय ठरवताच येत नाही. बरा हौशी खेळाडू ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या गोल्फच्या काठीने) सुमारे २०० मीटर मारतो आणि चेंडू सर्वांत उंच असतो तो साधारण १२० मीटरवर, २५ मीटरच्या आसपास. म्हणजे १२० मीटरच्या भूखंडावर टोकाची १५ मीटरची जाळी नेमकी नको त्या ठिकाणी उभी राहते. त्यातून पुणे ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे चेंडू मुंबईपेक्षा दोन-तीन टक्के जास्तच जातो. जागा आखूड असेल तर ड्रायव्हरला बंदी घाला, कमी पल्ल्याचे चेंडू घ्या किंवा वरूनही जाळी टाका. नुसते खांब उंच करायचे म्हटलं तर लोहगावच्या आसपास हवाई दलाचा ना-हरकत दाखला लागतो. शिवाय वाऱ्याचा हिशेब आहे: भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. वळवाच्या वादळाआधी जाळी खाली घेता यावी म्हणून खांबांवर कप्पी आणि वायररोप हवा. वीण २५ मिलिमीटरची (चेंडूचा व्यास ४२.६७), रंग काळा. हिरवी जाळी छायाचित्रात छान दिसते, पण काळी उन्हात जास्त टिकते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा फसलेला फटका उजवीकडे वळतो, तेव्हा खर्चात काटकसर करायची तर ती डाव्या बाजूला करा.

मॅटच्या बाबतीत पॅकेजची स्वस्त आवृत्ती सरळ नाकारावी. फोमवर चिकटवलेल्या पातळ गालिच्यावर क्लब (मारायची काठी) आधी जमिनीला लागला तरी उसळून चेंडूला लागतो. शिकणाऱ्याला चूक कळत नाही, कोपराला मात्र कळते. ३० मिलिमीटरच्या वर उभे धागे असलेली, लाकडी टी (चेंडू ठेवायची खुंटी) थेट खोचता येणारी मॅट महाग असते, पण मधली झिजणारी पट्टी वेगळी बदलता आली तर पैसे वसूल होतात. उभं राहायची आणि मारायची पातळी एकच हवी. बेची रुंदी ३ मीटरच्या खाली नको. अडीच मीटरमध्ये जास्त बे बसतात हा युक्तिवाद क्लब न धरलेल्या माणसाचा. दोन बेंमध्ये पत्रा किंवा प्लायवूड नको, जाळी हवी. कडेने निसटलेला चेंडू पत्र्यावर आपटून परत येतो.

चेंडू दोन थरांचे, टणक आवरणाचे घ्यावेत. एकसंध रबरी चेंडू स्वस्त, पण चिरतात. संख्या नेहमी कमी धरतात. २० बे, ५० चेंडूंची बादली, संध्याकाळभरात प्रत्येक बेवर चार बादल्या: ४,००० चेंडू मैदानातच. धुण्यातले आणि हरवलेले मिळून ६,००० तरी लागतील, नाहीतर मारणाऱ्यांना थांबवून मैदानात गाडी घालावी लागते. कमी पल्ल्याचे चेंडू असतील तर अंतराच्या पाट्याही त्या हिशेबाने लावा.

दिवे ठीक आहेत. बेच्या मागून, खाली रोखलेले असावेत, इतकंच.

दिशा उत्तरेची. पश्चिमेकडे तोंड केलं तर संध्याकाळी चेंडू दिसत नाही आणि पावसाळ्यात सरी थेट मॅटवर येतात. पूर्वेकडे केलं तर सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ डोळ्यांवर हात धरून बसतील.

घ्यायचं असेल तर निविदा दोन भागांत काढा. आधी जमीन आणि निचरा, मग एक पावसाळा जाऊ द्या; पाणी कुठे साचतं ते बघून उरलेलं पॅकेज मागवा. पुरवठादार याला नाखूश असेल. जो हमीच्या अटींत 'पाणी साचल्यास लागू नाही' असं लिहून देतो, त्याची निविदा तिथेच बाजूला ठेवावी.