डायलिसिसच्या खाजेवर "रक्त शुद्ध करणारी" पावडर विकणाऱ्यांपासून सावध राहा

घरात कोणी डायलिसिसवर असेल तर हे नक्की वाचा. बाबांचं डायलिसिस बरीच वर्षं चालू आहे आणि त्यांना जी खाज सुटते ना ती बघवत नाही, अंगावर पुरळ नाही काही नाही तरी रात्र रात्र खाजवतात, पाठ-दंड ओरबाडलेले, बनियनवर रक्ताचे डाग. याचाच फायदा एका भामट्याने घेतला.

हा माणूस डायलिसिस सेंटरच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांशी गोड बोलून ओळख काढतो. म्हणाला विष कातडीत साठलंय, पावडरने रक्त शुद्ध होईल, वरून मलम लावा, आणि डॉक्टरांच्या जेवणाबरोबरच्या गोळ्या बंद करा, त्यांनीच खाज वाढते. सुरुवातीला बरं वाटलं म्हणून बाबांचा विश्वास बसला. मग खाज दुप्पट झाली, तर फोनवर म्हणे "विष बाहेर पडतंय, अजून एक कोर्स घ्या". आजारी माणसाला असं लुबाडायचं म्हणजे हद्द झाली!

एकदा फिस्टुलावरची (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातात ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) पट्टी काढताना सिस्टरच्या हातात पट्टीबरोबर सालच आलं, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली. स्किनच्या डॉक्टरांनी मलमाची डबी हातात घेतली, कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, काय घातलंय तेही नाही. म्हणाले हे जोरदार स्टेरॉइडचं काम दिसतंय. आणि बंद करायला लावलेल्या गोळ्या फॉस्फरस अडवणाऱ्या होत्या, फॉस्फरस वाढला की खाज वाढू शकते. रक्तात नॉर्मल साधारण २.५ ते ४.५ mg/dL, बाबांचा ८ च्या वर गेलेला. शिवाय अशा पावडरीत पोटॅशियम किती ते कोणाला माहीत, डायलिसिसवाल्याचं ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं.

आता त्या फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या (बाइंडर) परत चालू केल्यात, डायलिसिसचे तास पूर्ण करतात, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावतो, आणि किडनीच्या डॉक्टरांनी खाजेसाठी डायलिसिसनंतर गॅबापेंटिन या औषधाचा अगदी छोटा डोस दिलाय (हे मनाने घेऊ नका, किडनी काम करत नसताना ते अंगात साठतं, गुंगी येते). खाज पूर्ण गेली नाही पण झोप लागते.

अजून एक, मांडीवर किंवा पोटावर जांभळट, जाळीसारखे, खूप दुखणारे चट्टे दिसले तर मलमं लावत बसू नका, ते कॅल्सिफायलॅक्सिस (कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या बंद होणं) असू शकतं आणि जिवावर बेततं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डबी आणि पावडर आम्ही तक्रारीसोबत जमा केलीय, तुमच्याकडे असलं काही असेल तर फेकू नका, तेही द्या.