नी कट की टोरिआंडो: आखाड्यातून आलेल्यांनी आधी कोणता गार्ड पास शिकावा?

माळेगावच्या यात्रेतल्या फडात प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल लागतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडीच्या खेळात मात्र समोरचा स्वतःहून पाठीवर पडतो, तुम्हाला आपल्या पायांच्या आवाक्यात घेतो आणि खरी लढत तिथून सुरू होते. त्याच्या या पायांच्या संरक्षणाला गार्ड म्हणतात. ते ओलांडून बाजूने त्याच्यावर ताबा मिळवणे आणि ती स्थिती तीन सेकंद टिकवणे यासाठी आयबीजेजेएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत ३ गुण आहेत. लातूर, बीड किंवा नांदेडच्या तालमीतून या खेळाकडे वळणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच उभा राहतो की गार्ड ओलांडण्याच्या, म्हणजे गार्ड पासच्या, अनेक पद्धतींपैकी आधी कोणती पक्की करावी. सुरुवातीला बहुधा दोन पद्धती समोर येतात, नी कट आणि टोरिआंडो. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांना लागणारी शरीराची तयारी आणि सरावाची सोय वेगवेगळी आहे.

नी कटमध्ये तुमचा एक गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांमधून आत जातो आणि त्याच्या एका मांडीवरून तिरका घसरत मॅटपर्यंत पोहोचतो. त्याच वेळी त्याच्या दूरच्या बाजूच्या काखेत हात घालून, म्हणजे अंडरहूक घेऊन, छातीचा भार त्याच्यावर द्यायचा असतो आणि दुसऱ्या हाताने जवळची बाही किंवा मनगट धरून ठेवायचे असते. काखेतल्या या हातासाठी झगडणे कुस्तीगिराला नवे नाही, आणि माझ्या मते नी कटच्या बाजूने सर्वांत मोठे कारण हेच आहे. अंडरहूक तुमच्याकडे असेल तर प्रतिस्पर्धी सपाट पडून राहतो. तो त्याने मिळवला तर तो कुशीवर वळून तुमच्या पाठीमागे येतो किंवा तुमच्या खाली शिरून तुमचा तोल घालवतो. त्यामुळे गुडघा किती वेगाने घातला यापेक्षा हात कोणाचा आत आहे यावर या पासचे यश ठरते. त्याने मध्ये नडगी आडवी धरली, म्हणजे नी शील्ड लावली, तर ती आधी खाली दाबावी लागते. घाईने पुढे झुकलेला नवखा बहुतेक वेळा इथेच अडकतो.

टोरिआंडोत भार देण्यापेक्षा पायांची चपळाई महत्त्वाची असते. प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही गुडघ्यांजवळ पँट धरायची, हात सरळ ठेवून त्याचे पाय एका बाजूला ढकलायचे आणि त्याच क्षणी आपण दुसऱ्या बाजूने फिरून त्याच्या छातीपर्यंत पोहोचायचे. साधल्यास हा पास अतिशय जलद होतो आणि हाफ गार्डमध्ये, म्हणजे आपला एक पाय त्याच्या पायांत धरला जाऊन, अडकण्याची शक्यताही कमी राहते. मात्र शेवटचे पाऊल उशिरा पडले, तर समोरचा कंबर फिरवून पाय पुन्हा मध्ये आणतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. घाबरून तो गुडघ्यांवर उलटा वळला, तर पाठ उघडी पडते, आणि मातीत खालच्या मल्लावर ताबा ठेवायला शिकलेल्याला ती संधी लगेच दिसते.

आपल्याकडच्या हवामानाचाही विचार करावा लागेल. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा सहज ४० अंशांपुढे जातो आणि संध्याकाळच्या सरावातही अंग घामाने निथळते. गी, म्हणजे जाड कापडाचा जाकीट-पँटचा पोशाख, घालून खेळत असाल, तर पँटवरची पकड घामातही बऱ्यापैकी टिकते. नो-गीमध्ये, म्हणजे या पोशाखाशिवाय खेळताना, मात्र घोट्यावरची आणि नडगीवरची पकड सटकते, त्यामुळे टोरिआंडो तिथे नवख्याला जड जातो. नी कट शरीराच्या चिकट संपर्कावर चालत असल्याने दोन्हीकडे जवळपास सारखाच वापरता येतो. जागेचा फरकही आहे. टोरिआंडोला बाजूने फिरण्याइतकी मोकळी मॅट लागते, तर नी कटचा सराव दाटीतही, हाफ गार्डपासून सुरुवात करून, करता येतो.

प्रतिस्पर्ध्याने तुमच्या कमरेभोवती पाय घट्ट अडकवले असतील, तर ते उघडल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच चालत नाही. शिवाय पट काढण्याच्या सवयीने मान खाली घालून आत घुसणाऱ्या मल्लाला गिलोटिनचा, म्हणजे हातांनी मान आवळण्याचा, फास पटकन बसतो, आणि एक हात पायांच्या आत व दुसरा बाहेर राहिला की ट्रँगल, म्हणजे पायांनी मान आणि एक हात आवळणारा फास. म्हणून पास कोणताही निवडा, पहिले काही आठवडे मान वर आणि पाठ सरळ ठेवून बसण्या-उठण्याला द्यावेत, असा माझा आग्रह आहे.

वजनदार आणि संथ चालीचा खेळाडू ओव्हर-अंडर पासकडेही (एक हात पायावरून, दुसरा पायाखालून) पाहू शकतो. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत खुल्या गटाचे विजेतेपद मिळवणारा बर्नार्डो फारिया त्याच पासासाठी ओळखला जातो. परंतु त्यात एक हात पायांखाली जात असल्याने ट्रँगलपासून बचाव नीट कळेपर्यंत मी तो सुचवणार नाही.

तालमीतून आलेल्या, मध्यम किंवा जास्त वजनाच्या आणि मुख्यतः नो-गी खेळणाऱ्या व्यक्तीने नी कटपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हलक्या वजनाचा, दमदार पायांचा आणि नियमित गी घालणारा टोरिआंडो आधी घेऊ शकतो. ज्याच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला पूर्वी इजा झाली आहे त्यानेही टोरिआंडोच निवडावा, कारण नी कटमध्ये पाय अडकलेला असताना शरीर वळले की ताण थेट गुडघ्यावर येतो. पुढे दुसरा पासही शिकावाच लागतो. लिआंद्रो लो या ब्राझिलियन विजेत्याच्या खेळात दोन्ही एकत्र दिसत. टोरिआंडोने पाय बाजूला गेले आणि प्रतिस्पर्धी कंबर परत वळवू लागला, की त्याच्या मांड्यांमध्ये क्षणभर जी फट पडते, तिच्यातून नी कटचा गुडघा आत जातो.